शर्टाला पाच

हिशेबी हे नाव त्याला गल्लीने दिलं. देणाऱ्यांचा हेतू फारसा चांगला नव्हता, पण त्याने ते पदकासारखं छातीवर मिरवलं. लॉन्ड्रीवाला माणूस हिशेबी नसेल तर गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर स्वतःही दोरीवर लटकतो, असं त्याचं म्हणणं. भाजी घ्यायची असो की छत्री, त्याचं पालुपद ठरलेलं: भावना बाजूला ठेवा आणि आकडा बघा. बायकोने एकदा सहज विचारलं, की माझ्याशी लग्न केलंत ते कुठला आकडा बघून? त्याने प्रामाणिकपणे विचार केला, खूप वेळ केला, आणि त्या दिवशी त्याला स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यावं लागलं.

लॉन्ड्री मूळची सासऱ्यांची. त्यांना दोन मुली आणि दोन जावई. थोरलीचा नवरा हिशेबी, धाकटीचा नवरा त्याचा साडू. सासऱ्यांना दोघेही मामा म्हणायचे आणि दोघेही त्यांच्याच हाताखाली शिकले. कॉलर आधी उलटी दाबायची, मग सुलटी; कफ कधी घाईत करायचा नाही; आणि तुटलेलं बटण धुण्याआधी लावायचं, म्हणजे पाण्यात दोरा बसतो. मामा होते तोवर दोन्ही जावई एका टेबलाच्या दोन बाजूंना इस्त्री फिरवत होते आणि गल्लीतले लोक म्हणायचे, साडू असावेत तर असे. मामा गेले आणि वर्षभरात भांडण झालं. तेही कशावरून, तर बटणावरून.

गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण तुटलेलं असलं तर साडू ते फुकट लावून द्यायचा. हिशेबीचं म्हणणं, बटणाचे पैसे घे. साडू म्हणायचा, अहो भाऊ, माणूस शर्ट घालतो, बटण जागेवर दिसतं, आणि त्याला वाटतं आपलं कुणीतरी आहे. हिशेबी म्हणायचा, त्याचं कुणीतरी असण्याचा खर्च आपण का सोसायचा? दोघेही आपल्या जागी बरोबर होते, आणि असली भांडणं मिटत नाहीत. शेवटी साडूने आपला वाटा घेतला आणि रस्त्यापलीकडचं घड्याळदुरुस्तीचं बंद पडलेलं दुकान भाड्याने घेऊन तिथे स्वतःची लॉन्ड्री थाटली. बरोब्बर समोर. हिशेबीने इस्त्रीवरून मान वर केली की साडूचा दरवाजा दिसायचा.

सहा महिन्यांत शटर ओढेल, असं भाकीत हिशेबीने केलं. भावनेवर भांडवल चालत नाही. पण सहा महिने झाले, वर्ष झालं, शटर काही ओढलं गेलं नाही. उलट एके सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका, मामांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, हातात पिशवी घेऊन रस्त्याच्या मधोमध थांबल्या, त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि त्या साडूकडे वळल्या. वळताना हिशेबीकडे बघून ओशाळं हसल्याही. ते हसू त्याला झोंबलं. अर्थात तसं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, बाजारपेठेचा अभ्यास केला पाहिजे.

तेव्हा शर्टाचा दर दोन्हीकडे वीस होता. साबण, वीज, पाणी, खळ, भाडं, सगळं धरून हिशेबीला एक शर्ट अकराला पडायचा. त्याने कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड केली आणि दर अठरा केला. पाटी मोठ्या अक्षरांत रंगवली आणि ती साडूच्या दरवाजाला दिसेल अशी लावली. ती रस्त्याच्या तोंडाला लावली असती तर चार गिऱ्हाइकांना दिसली असती, हे थोरलीने सुचवलं. पण हिशेबी म्हणाला, तुला धंद्यातलं कळत नाही.

संध्याकाळी साडूच्या दारावर सतरा लागलं.

पुढचे काही आठवडे गल्लीची चैन झाली. लोक सकाळी दूध आणायला निघत आणि आधी दोन्ही पाट्या वाचत. सोळा, पंधरा, साडेचौदा. हिशेबी प्रत्येक वेळी कागदावर गणित मांडून दर खाली आणायचा, साडू ती पाटी बघून लाल व्हायचा आणि गणित न मांडता खाली आणायचा. त्यामुळे साडूचा वेळ वाचायचा. ज्यांनी जन्मात पडदे धुतले नव्हते त्यांनी पडदे आणले. एका गृहस्थाने सोफ्याची खोळ आणली आणि शर्टाच्या दरात घ्या म्हणून हुज्जत घातली.

दर अकराला आला तेव्हा थोरलीला वाटलं, आता थांबतील. गणितच संपलं होतं. पण हिशेबी माणसाला गणित कधी कमी पडत नाही. त्याने नवं मांडलं: आपल्याकडे गाठीला जास्त आहे, साडूकडे कमी. दोघांनीही तोटा खाल्ला तर तो आधी बुडेल. म्हणजे तोटा हीच गुंतवणूक.

"आणि तो बुडाला की माझी बहीण कुठे जाईल?" थोरलीने विचारलं.

"इथे येईल. तू बोलावशीलच."

"मग त्याला बुडवायचं कशाला? आत्ताच बोलावते."

हिशेबीने तिला समजावलं, की हा नात्याचा प्रश्न नाही. धंद्यात नातं आणायचं नाही, हा नियमच आहे. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक, मग ते कुणाचं का असेना. थोरलीने हे नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली. तिला ते फारच पटकन पटलं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

घसरत घसरत दोन्ही दुकानांत शर्ट पाचाला आला आणि तिथे दोन्ही पाट्या अडल्या. पाचाच्या खाली जायला साडूचीही हिंमत होईना. मधे कोंडी झाली. अशाच एका दुपारी इस्त्री करता करता हिशेबीला ती कल्पना सुचली. ती इतकी सुंदर होती की त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि तो स्टुलावर बसला.

साडूलाही एक शर्ट साधारण अकरालाच पडत असणार. तो पाचाला धुतो, म्हणजे दर शर्टामागे सहा घालवतो. मग त्याला बुडवायचा सोपा मार्ग कुठला? त्याची गिऱ्हाइकं तोडणं नव्हे, वाढवणं. जितके जास्त शर्ट त्याच्याकडे जातील तितका तो लवकर झोपेल. आणि शर्ट पाठवायला कुणी अडवलंय?

जवळच एक हॉटेल बंद पडलं होतं आणि तिथल्या वाढप्यांचे पांढरे शर्ट भंगाराच्या भावात निघाले होते. हिशेबीने सगळा लॉट उचलला. सगळे एकसारखे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. ते त्याने मागच्या खोलीत रचले. आता कुणातरी तिसऱ्याच्या हातून ते समोर जायला हवे होते. तिसरा माणूस वरच्या मजल्यावरच राहत होता.

त्यांना सगळे पंच म्हणत. फुटबॉलच्या मैदानावर त्यांचं आयुष्य शिट्टी वाजवण्यात गेलं होतं. आता गुडघे दुखत, वेळ जात नसे, आणि कुणी काम सांगितलं तर त्यांना बरं वाटे. हिशेबीने त्यांना विश्वासात घेतलं. पंचांनी सगळं ऐकलं, फक्त दोन प्रश्न विचारले: रोज किती शर्ट आणि चहा कुणाकडून. मग म्हणाले, जमेल. पण एक आहे, मी इकडचं तिकडे बोलत नाही. हिशेबी म्हणाला, तेच तर हवंय.

दुसऱ्या दिवसापासून पंच मागच्या बोळातून पांढऱ्या शर्टांचं बोचकं घेऊन निघू लागले. सोबत शर्टामागे पाच. दोन दिवसांनी धुतलेलं, इस्त्री केलेलं बोचकं परत. हिशेबी ते मळवण्यापुरतं फरशीवर लोळवायचा आणि पुन्हा पाठवायचा. मग त्याला वाटलं, नुसतं धुणं पुरेसं नाही. साडूच्या वर्मावरच बोट ठेवलं पाहिजे. म्हणून तो रात्रीची जेवणं झाली की मागच्या खोलीत बसून शर्टांची बटणं उपटू लागला. प्रत्येक शर्टाचं वरून तिसरं. तिसरंच का, तर कामात पद्धत हवी. फुकट बटणं लावतोस ना, मग लाव.

साडूने लावली. परत आलेल्या प्रत्येक शर्टाला तिसरं बटण होतं, चारही भोकांतून नीट ओवलेलं आणि खाली दोऱ्याची इवलीशी मान दिलेली, म्हणजे काजात घालताना कापड ओढलं जाऊ नये. मामा अशीच द्यायचे. हिशेबी पहिल्या दिवशी ते बटण अंगठ्याने चाचपत उभा राहिला. मग त्याने कॉलर पाहिली. कॉलर तर त्याहून बघण्यासारखी होती. टोकाला सुरकुती नाही, पट्टीला चमक नाही. त्याने शर्ट थोरलीसमोर धरला.

"हे बघ," तो म्हणाला. "माणूस मूर्ख आहे, पण हात बघ. मामांचा हात त्याच्यात उतरलाय. माझ्यातसुद्धा इतका नाही."

थोरलीने तोंडाला पदर लावला आणि ती घाईने आत गेली. बहिणीच्या आठवणीने तिला भरून आलं असणार, असं त्याला वाटलं.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. हिशेबीचं स्वतःचं दुकान तुडुंब चालायला लागलं होतं. गल्ल्यावर थोरली बसायची, आत इस्त्रीच्या टेबलाशी तो, आणि तिच्याकडून आत ढकलले जाणारे ढीग दिवसेंदिवस वाढत होते. रंगीत शर्ट, चौकटीचे शर्ट, मुख्याध्यापिकांच्या त्या ओळखीच्या फिक्या निळ्या ओढण्या, आणि पांढऱ्या शर्टांच्या थप्प्याच थप्प्या. एवढे पांढरे कुणाचे, असं त्याने एकदा आतून ओरडून विचारलं. थोरली म्हणाली, आपल्याच माणसांचे. त्याने समजून घेतलं की जुनी गिऱ्हाइकं परतली, आणि एखादं नवं हॉटेलही गळाला लागलं.

आता खरं तर त्याने घाबरायला हवं होतं. दर शर्टामागे सहा जात होते. दुप्पट शर्ट म्हणजे दुप्पट तोटा, हे गणित साडूला लागू होतं तसंच त्यालाही. पण ढीग पाहिला की त्याची छाती फुगायची. मुख्याध्यापिकांची ओढणी तर तो विशेष मन लावून करायचा. आल्या शेवटी, असं मनाशी म्हणायचा. सकाळी सातला दुकान उघडणारा माणूस साडेसहाला उघडू लागला. पाठ दुखायची, गाठीचं आटत चाललं होतं, साबणाच्या दुकानदाराने उधारीची आठवण केली होती, आणि हिशेबी इस्त्री करताना शीळ घालत होता.

फक्त एक कोडं सुटत नव्हतं. समोर साडूच्या दारातही रांग होती. माणसं पिशव्या घेऊन आत जात आणि हसत बाहेर येत. गावात अचानक इतके शर्ट आले कुठून? लोक दिवसातून दोनदा कपडे बदलायला लागले की काय? त्याने पंचांना खोदून पाहिलं. पंचांनी चहा संपवला आणि हवा चांगली पडलीय असं सांगितलं. ताकास तूर लागू दिली नाही.

मग एका दुपारी हिशेबी पांढऱ्या थप्पीतला एक शर्ट टेबलावर पसरून इस्त्री फिरवत होता आणि ती एका निळ्या बटणाशी येऊन थांबली.

पांढऱ्या शर्टाला निळं बटण. वरून तिसरं.

त्याने पुढचा शर्ट ओढला. तिसरं बटण तपकिरी. त्याच्या पुढच्याचं हिरवट, बहुधा एखाद्या स्वेटरचं. त्याने सगळी थप्पी टेबलावर उलटी केली. परवा रात्री ज्या ज्या जागेवरून त्याने स्वतःच्या हाताने बटण उपटलं होतं, त्या त्या जागी पाचरंगी बटणं बसली होती, प्रत्येकाला दोऱ्याची मान. साडूकडची पांढरी बटणं संपली होती.

हिशेबीने इस्त्री बंद केली. त्याचं डोकं चालायला फार वेळ लागला नाही, पण तेवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्याचा रंग शर्टाशी जुळला. हे शर्ट काल त्याच्याकडून साडूकडे गेले होते. साडूने बटणं लावली होती. आणि मग साडूने ते धुवायला टाकले होते. इथे. पाचाला.

तो पाच देत होता, तेच पाच त्याला परत मिळत होते. एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि मधल्या मधे साबण वाहून जात होता. आणि ती कॉलर, जिच्यात त्याला मामांचा हात दिसला होता, ती त्याची स्वतःची होती.

तो बाहेर आला. गल्ल्याशी थोरली आणि पंच चहा पीत बसले होते. मधे एक बोचकं होतं.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"समोरचं," थोरली म्हणाली. एवढ्या दिवसांत त्याने समोर येऊन विचारलं नव्हतं, ते आज विचारलं, म्हणून नेमकं उत्तर मिळालं.

त्याने पंचांकडे वळून विचारलं, की तुम्हाला हे सगळं दिसत होतं तर सांगितलं का नाही. पंच दुखावले. म्हणाले, "समोरचा गडी कुठे उभा आहे, हे पंचाने खेळाडूला सांगायचं नसतं. मी त्यालाही तुझं कधी सांगितलं नाही. विचार हवं तर."

हिशेबी इस्त्रीचं फडकं कमरेला तसंच ठेवून रस्ता ओलांडून गेला. साडूच्या दुकानात तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. आत मशिनांवर चादरी घातल्या होत्या. इस्त्रीच्या टेबलावर एक मांजर झोपलं होतं. धाकटी पावत्या फाडत होती, तिने वर बघून, या भावोजी, असं म्हटलं, जणू तो रोजच येतो. कोपऱ्यात खिडकीशी साडू बसला होता, चष्मा नाकावर, मांडीवर पांढरा शर्ट, दातांत दोरा. समोर बरणीत बटणांच्या रिकाम्या झालेल्या पुड्यांचे कागद होते.

त्याने दोरा तोडला आणि उठून खुर्ची पुढे केली. हिशेबी बसला नाही.

"सगळे माझ्याकडे टाकत होतास," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाकडून पाच घ्यायचास, मला पाच द्यायचास. स्वतःची मशिनं झाकून."

"हो."

"म्हणजे तोटा सगळा माझा. तुझा शून्य."

"शून्य कसा," साडू म्हणाला. "बटणं गेली की, भाऊ."

हिशेबीला उभ्याने घाम आला. राग तर होताच. पण रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते असूयेच्या जातीचं होतं. इतकं स्वच्छ, इतकं बिनचूक गणित त्याने जन्मात मांडलं नव्हतं. आणि ते कुणी मांडावं, तर फुकट बटणं लावणाऱ्याने. त्याने खुर्ची ओढली, बसला आणि जवळजवळ नम्रपणे विचारलं, की हे सुचलं कसं? किती दिवस आकडे मांडत होतास?

साडूने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने पावत्यांत डोकं घातलं. मग साडूने खरं काय ते सांगितलं. कसले आकडे नि कसलं काय. ज्या दिवशी हिशेबीच्या दारावर पाच लागलं, त्या दिवशी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभराचे सगळे कपडे त्याने बोचक्यात कोंबले, लाथ मारली आणि म्हणाला, एवढी हौस आहे ना स्वस्तात धुवायची, मग घे, माझेही तूच धू. पंच समोरच होते, त्यांनी बोचकं उचललं आणि नेऊन दिलं. रात्री धाकटीने गल्ला मोजला तेव्हा कळलं, की त्या दिवशी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच काही घालवलं नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बोचकं बांधलं. लाथ न मारता.

"आणि माझे शर्ट? ते माझेच, हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. गिऱ्हाइकाचं बटण झिजून तुटतं, भाऊ. दोरा लोंबतो. ही सगळी उपटलेली, आणि सगळी तिसरी. इतकी शिस्त गल्लीत दुसऱ्या कुणाला आहे?"

"तरी लावत बसलास."

साडूने मांडीवरचा शर्ट झटकला. "बटण नसलेला शर्ट परत पाठवायला हात होईना. तुमचाच असला म्हणून काय झालं."

हिशेबीने टेबलावरच्या मांजराकडे पाहिलं. मग म्हणाला, की इस्त्रीच्या टेबलावर मांजर बसवू नये, केस लागतात. साडू म्हणाला, या टेबलावर महिनाभर शर्टच आला नाही, केस लागायचे कुणाला. धाकटी आधी फिसकन हसली, मग साडू, आणि हिशेबीने हसू येऊ नये म्हणून गाल आतून चावले, पण उपयोग झाला नाही.

तडजोड मात्र त्या बैठकीत झाली नाही. हसून झाल्यावर ते पुन्हा भांडले, आणि चांगलं तासभर भांडले. हिशेबीचं म्हणणं, आजवरच्या तोट्याचा निम्मा भार तू उचल. साडूचं म्हणणं, तुम्ही मला बुडवायला निघालात, त्याचा निम्मा खर्च मी का देऊ? हिशेबी म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे. साडू म्हणाला, माझाही. शेवटी थोरली रस्ता ओलांडून आली आणि तिने दोघांना सांगितलं, की तुमचं तत्त्व संपेपर्यंत आम्ही बहिणी एक काम करणार आहोत. त्या दोघींनी दोन्ही पाट्या उतरवल्या. खडू घेऊन थोरलीने तिकडच्या पाटीवर आणि धाकटीने इकडच्या पाटीवर एकच आकडा लिहिला: बावीस. वीसवर पुन्हा यायचं म्हणजे नुसतं जिथे होतो तिथेच आल्यासारखं वाटलं असतं, आणि मधल्या काळात झालेल्या मनस्तापाचे वर दोन, असा त्यांचा हिशेब होता. गल्लीने चार दिवस तोंड वाकडं केलं आणि पाचव्या दिवसापासून पिशव्या यायला लागल्या. पडदेवाले तेवढे दिसेनासे झाले.

रात्री हिशेबी बायकोला म्हणाला, तू मला सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, धंद्यात नातं आणायचं नाही, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मी म्हटलं, आपण कशाला नियम मोडा." मग थोडं थांबून तिने आणखी एक सांगितलं. त्या दिवसांत तो शीळ घालत होता. मामा गेल्यापासून तिने ती ऐकली नव्हती. दोन पैसे जात होते हे तिला दिसत होतं, पण म्हटलं, जाऊ देत अजून थोडे.

हिशेबीने हे ऐकलं आणि त्या खर्चाची नोंद कुठल्या सदरात करावी, हे त्याला सुचेना. त्याने कूस बदलली.

पुढे दोघांनी काम वाटून घेतलं. कपडे साडूच्या दुकानात घ्यायचे, कारण लोकांना त्याच्याशी बोलायला आवडतं. धुवायचे आणि इस्त्री करायची हिशेबीच्या दुकानात, कारण त्याला लोकांशी बोलायला आवडत नाही. वाढप्यांचे शर्ट पुढे एका वाद्यवृंदाने घेतले. रंगीबेरंगी बटणं त्यांना मुद्दाम लावलेली वाटली आणि त्यांनी त्याचे थोडे जास्त दिले. पंचांचं बोचकी वाहण्याचं काम पक्कं झालं.

पावसाळ्याच्या तोंडाशी नवा ड्रायर घ्यायची वेळ आली. हिशेबीने तीन कंपन्यांची पत्रकं आणून आठ दिवस अभ्यास केला. वीज किती, क्षमता किती, सुटे भाग कुठे मिळतात, सगळं मांडलं, आणि एक मशीन नक्की केलं. साडूला घेऊन तो दुकानात गेला. विक्रेत्याने ते ठरवलेलं मशीन दाखवलं. हिशेबीने त्याचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग तो शेजारच्या, यादीत नसलेल्या मशिनाकडे गेला आणि त्याचं दार लावून पाहिलं. ते बसताना मऊ, भरदार आवाज आला. त्याने आणखी दोनदा लावलं.

"हे घेऊ," तो म्हणाला.

साडूने का म्हणून विचारलं नाही. परतीच्या वाटेवर हिशेबी पूर्ण वेळ बोलत होता: या मशिनाचा ड्रम रुंद आहे, म्हणजे वेळ वाचणार, किंमत जास्त आहे, पण ती आयुष्याने भागली पाहिजे, दाराचं रबर जाड आहे, म्हणजे ऊब आत राहणार, ऊब राहिली म्हणजे वीज वाचणार, आणि वाचलेली वीज पाच वर्षांच्या हिशेबात धरली तर हे त्या दुसऱ्यापेक्षा स्वस्तच पडतं. साडू शेजारून चालत होता आणि दर वाक्याला हुंकार देत होता.